थर्टी-ऑट-सिक्स आणि ७३ वर्षांचा खांदा: कमी धक्क्याच्या बंदुकीचं एक प्रकरण

शिकारी ७३ वर्षांचे. राहायला मध्य पेनसिल्व्हेनियात, शिकारीला उत्तरेकडच्या पॉटर काउंटीत, वडिलांच्या वेळेपासून चालत आलेल्या लाकडी कॅम्पवर. उजव्या खांद्याच्या रोटेटर कफची, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या गटाची, शस्त्रक्रिया होऊन वर्ष होत आलेलं. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोजची. तरुणपणापासून हातात एकच रायफल: रेमिंग्टन ७६० गेममास्टर, पंप पद्धतीची, .३०-०६ म्हणजे थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची. शस्त्रक्रियेआधीच्या मोसमात एक हरणी सपशेल चुकली आणि एक नर पोटात गोळी लागून पळाला. तो रात्रभर सापडला नाही, सकाळी मेलेला मिळाला. तेव्हापासून आजोबा शिकारीचं नाव काढेनात. सर्जनने मात्र सांगितलं, "बंदूक चालवा, हरकत नाही, पण दणका निम्म्यावर आणा."

आजोबा म्हणजे आमचे शेजारी. आमच्या घरात त्यांना 'पलीकडचे आजोबा' म्हणतात, इथेही तेच नाव ठेवतो. मी यंत्र अभियंता आहे. कोल्हापुरात एनसीसीमध्ये .२२ रायफल चालवली एवढंच माझं बंदुकीचं शिक्षण. त्यांनी मला गाठलं ते नेमबाज म्हणून नव्हे, हिशेबनीस म्हणून. ओहायोतला मुलगा म्हणत होता, .३५० लेजंड घ्या. दुकानदार म्हणत होता, हल्ली सगळे ६.५ क्रीडमोर नेतात (ही दोन्ही काडतुसांची नावं). क्लबातला मित्र म्हणत होता, आहे त्याच नळीला मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करणारं भोकांचं टोक, बसवा. "तिघंही मला न पाहता सांगताहेत, तू जरा गणित मांड," असं आजोबांचं म्हणणं.

शिकार या विषयावर मराठी वाचकाची भुवई आधी वर जाते, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषय संपला. पेनसिल्व्हेनियाचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला. एकोणिसावं शतक संपताना तिथली शेपटाखाली पांढरी असणारी हरणं जवळजवळ संपली होती. १८९५मध्ये गेम कमिशन स्थापन झालं, १९०६पासून दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून सोडली, आणि आज परवान्यावर वर्षाला चार लाखांहून अधिक हरणं मारली जातात तरी बागा, शेतं आणि मोटारी त्यांच्यापासून सुटलेल्या नाहीत. ज्यांना हे तरीही पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण शिकार होणारच असेल तर चाप ओढताना डोळे मिटणारा शिकारी हरणाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट, यावर दोन्ही बाजूंचं एकमत व्हायला हवं. या प्रकरणाचा खरा प्रश्न तोच होता.

कायद्याने आधीच छाटलेले पर्याय

धक्का कमी करण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे वायूच्या दाबावर चालणारी अर्धस्वयंचलित रायफल. बार उडाल्यावर तिची यंत्रणा मागे सरकते, धक्का थोड्या जास्त वेळात पसरतो आणि खांद्याला टोला लागण्याऐवजी ढकलल्यासारखं वाटतं. शेजारच्या कित्येक राज्यांत म्हाताऱ्या शिकाऱ्याला डोळे झाकून हीच सुचवतात. पेनसिल्व्हेनियात २०१७पासून ती छोट्या शिकारीला चालते, हरणाला नाही. हरणासाठी रायफल हाताने चालवायची, म्हणजे बोल्ट (बाजूचा दांडा फिरवून), लिव्हर (चापाखालची कडी ओढून) किंवा पंप.

म्हणूनच १९५२मध्ये आलेली ७६० या राज्यात इतकी रुजली. अर्धस्वयंचलित चालत नाही ना, मग डाव्या हाताने पुढची मूठ मागे-पुढे करून जवळजवळ त्याच वेगाने दुसरा बार काढायचा. आधुनिक यंत्रं टाळणाऱ्या अमिश समाजाच्या नावावर तिला 'अमिश मशिनगन' म्हणून चिडवतात. विनोद जुना झाला, तरी कॅम्पवर दरवर्षी कुणीतरी तो नव्याने सांगतंच.

मुलाची सूचनाही कायद्यातूनच आली होती, पण ओहायोच्या. तिथे हरणासाठी सरळ भिंतीचं काडतूसच लागतं, बाटलीसारखं मानेकडे निमुळतं होणारं चालत नाही. .३५० लेजंड २०१९मध्ये अशाच राज्यांसाठी बाजारात आलं. धक्का खरंच कमी, साडेसात पौंडांच्या रायफलीत आठ फूट-पौंडांच्या (हे धक्क्याच्या ऊर्जेचं माप) आसपास. पण पॉटर काउंटीत ती अट नाही. दुसऱ्याच्या राज्याच्या बंधनापायी आपले पर्याय कशाला कमी करायचे? मी हा पर्याय बाजूला ठेवला. मुलगा थोडा नाराज झाला.

ओघात एक गोष्ट, इथल्या मराठी मंडळींसाठी. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असणाऱ्याने बंदूक किंवा काडतूस बाळगणं अमेरिकी संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. मित्राने रेंजवर कौतुकाने रायफल हातात दिली म्हणून ती घेण्याआधी हे माहीत असावं.

गणित

धक्क्याचं गणित बारावीच्या भौतिकशास्त्रातलं आहे. गोळी आणि तिच्यामागून निघणारा वायू जितका संवेग घेऊन पुढे जातात, तितकाच घेऊन रायफल मागे येते. १८० ग्रेनची गोळी सेकंदाला २७०० फुटांनी गेली, काडतुसातल्या ५६ ग्रेन दारूचा वायू साधारण ४००० फुटांनी गेला, आणि ७००० ग्रेनचा एक पौंड. आठ पौंडांची रायफल मग सेकंदाला पावणेतेरा फुटांच्या आसपास वेगाने खांद्यात येते. ऊर्जा भरते २० फूट-पौंड, म्हणजे २७ ज्यूल. हेच आजोबांचं नेहमीचं काडतूस.

त्याच वजनाच्या रायफलीत १५० ग्रेनचं .३०८ टाकलं तर साडेचौदा. १४० ग्रेनचं ७ एमएम-०८ पावणेतेरा, ६.५ क्रीडमोर पावणेबारा, आणि १०० ग्रेनचं .२४३ साडेआठ. सर्जनचा 'निम्म्यावर' हा शब्द काटेकोर धरला तर फक्त .२४३ त्यात बसतं, थोडी सूट दिली तर क्रीडमोरही.

रायफलीचं वजन वाढवलं की ऊर्जा त्याच प्रमाणात उतरते. त्याच .३०-०६ला एक पौंड जास्त दिला तर २०चे पावणेअठरा होतात. इथेच म्हातारपणाची पंचाईत आहे. खांद्याला जड बंदूक हवी, गुडघ्यांना हलकी. दुकानात वयस्कर माणूस आला की विक्रेता कौतुकाने सहा पौंडांची 'माउंटन' रायफल हातात देतो. ती उचलताना छान वाटते आणि बार काढताना दात हलवते. आजोबांच्या बाबतीत तिढा आपोआप सुटला, कारण ते आता डोंगर चढत नाहीत. नातू त्यांना चारचाकी गाडीवरून लाकडी मचाणघरापर्यंत सोडतो, पुढे दिवसभर खुर्चीत बसायचं. साडेआठ पौंड त्यांना चालणार होते.

हा तक्ता हातात आला की बहुतेक लोक थेट दुकानात जातात. मला तो अर्धवट वाटत होता. आजोबांनी ४० वर्षांहून अधिक काळ हे २० फूट-पौंड बिनतक्रार सोसले होते आणि त्या काळात हरणं चुकत नव्हती. मग नेमकं बिघडलं काय?

रिकाम्या काडतुसाची परीक्षा

हे शोधायची युक्ती जुनी आणि फुकटची आहे. दुसऱ्याने रायफल भरायची, कधी जिवंत काडतूस, कधी नकली, आणि चालवणाऱ्याला काय भरलंय ते कळू द्यायचं नाही. जिवंत काडतुसात धक्का सगळं झाकून टाकतो. नकलीवर चाप ओढला की माणूस बार उडण्याआधी काय करतो ते उघडं पडतं.

आजोबांच्या नातीने रायफल भरली, मी बाजूला उभा राहून नळीच्या तोंडाकडे पाहत होतो. पहिलंच नकली होतं. चाप ओढताच नळीचं तोंड चांगलं हातभर खाली गेलं असं वाटलं. प्रत्यक्षात इंच-दीड इंच असेल, पण शंभर यार्डांवर तेवढ्याने गोळी हरणाच्या खालून जाते नाहीतर पोटात शिरते. डोळे मिटलेले, जबडा आवळलेला. आजोबांनी रायफल खाली ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे तो नर खांद्यामुळे नाही गेला तर." बरोबर होतं त्यांचं. शस्त्रक्रिया पुढच्या वर्षीची, ही चमक, म्हणजे बार उडण्याआधीच दचकायची सवय, त्याआधीपासूनची. खांदा दुखू लागला असेल, शरीराने आपल्या परीने बचाव सुरू केला असेल आणि मालकाला कळवलं नसेल.

मग एक प्रयोग केला, या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. रायफल तीच, काडतूस तेच, फक्त कानात फोमचे बोळे आणि वरून इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षक. आजोबांनी उभ्या आयुष्यात शिकारीला कानात काही घातलेलं नाही. ऐकायचं यंत्र आता लावतात, ते त्याचंच फळ. १४० डेसिबलच्या क्षणिक आवाजाने कानाला इजा होऊ शकते आणि मोठ्या रायफलीचा बार १६०च्या घरात जातो. दोन्ही थर घातल्यावर नकली काडतुसावर नळी अजूनही हलत होती, पण निम्मी. शरीर जितकं खांद्यावरच्या दणक्याला भीत होतं, जवळजवळ तितकंच आवाजाला भीत होतं. इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षकात पाचोळ्यातली पावलं मोठी होऊन ऐकू येतात आणि बाराचा आवाज दाबला जातो, त्यामुळे ते मचाणातही वापरता येतात. किंमत नव्या रायफलीच्या पासंगालाही पुरत नाही.

मझल ब्रेकचा निकाल तिथेच लागला. नळीच्या टोकाची भोकं वायू बाजूला आणि मागे फेकतात, धक्का तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहून जास्त उतरतो, पण आवाज चालवणाऱ्याच्याच कानाकडे येतो. लाकडी मचाणघरात तर तो भिंतींवरून आणखी परततो. ऐकायचं यंत्र लावणाऱ्या माणसाला हा उपाय सुचवणाऱ्या मित्राची कीव आली. आवाज दाबणारी नळकांडी, म्हणजे सप्रेसर, दोन्ही बाजूंनी उपयोगी ठरते. आवाजही कमी, धक्काही कमी. जानेवारी २०२६पासून तिच्यावरचा २०० डॉलरचा संघराज्याचा करही शून्य झाला आहे. नोंदणीचे सोपस्कार मात्र कायम. पण ७६०च्या नळीला आटे नाहीत, आणि टोकाशी लोंबणारं वजन आजोबांना नको होतं. "एवढी लांब काठी मचाणाच्या खिडकीत फिरवू कशी?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

दस्ता

दस्ता म्हणजे रायफलीचा खांद्याला टेकायचा मागचा भाग. ७६०च्या दस्त्याच्या टोकाला कडक पट्टी होती, रबर नाही. शिवाय जुन्या दस्त्याची गाल टेकायची कड खाली उतरलेली, कारण तो काळ नळीवरच्या उघड्या माशीने, म्हणजे नेम धरायच्या धातूच्या खुणेने, नेम धरायचा. वर दुर्बीण बसवली की डोळा तिच्या रेषेत आणायला मान उचलावी लागते, गाल दस्त्यावरून सुटतो, आणि बार उडाला की दस्ता वर येऊन गालफडावर बसतो. आजोबांना ही सवय इतकी जुनी की त्यांना ते अवघडलेपण वाटतच नव्हतं.

मी रबरी पॅड सुचवलं. चांगलं मऊ पॅड धक्क्याची ऊर्जा फारशी खात नाही. ते वेळ वाढवतं आणि जागा पसरवतं, जाणवणारा फरक त्यानेच मोठा पडतो. अडचण लांबीची. पॅडने दस्ता जवळजवळ इंचभर वाढतो आणि डिसेंबरात अंगावर जाड कोट असतो, त्यावर कायद्याने डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच केशरी कापड लागतं ते जाकीट. लांबलेला दस्ता बगलेत अडकतो. खांद्याच्या खोबणीत बसण्याऐवजी दंडावर बसतो, आणि शस्त्रक्रिया झालेल्या खांद्याला तेच सगळ्यात वाईट. उपाय एकच, दस्ता तेवढा कापायचा. आजोबांनी साफ नकार दिला. रायफल वडिलांनी दिलेली, पुढे नातीला जायची, तिला करवत लागणार नाही. इथे तर्क चालवण्यात अर्थ नव्हता.

हलक्या भाराची काडतुसंही आणून पाहिली. .३०-०६मध्येच १२५ ग्रेनची गोळी २७०० फुटांच्या आत-बाहेर पाठवणारी काडतुसं काही कंपन्या बनवतात. हिशेबाने धक्का दहाच्या थोडा वर, म्हणजे निम्मा. आजोबांना ती आवडली. नळीचं तोंड कर्णरक्षकांसह आणखी शांत झालं. शंभर-दीडशे यार्डांपर्यंत हरणाला ती पुरेशी आहेत, आणि ज्याला नवी बंदूक घ्यायचीच नाही त्याला मी आजही आधी हेच सांगेन. त्यांच्याविरुद्ध दोन गोष्टी होत्या. गोळी नेहमीच्या ठिकाणी पडत नाही, दुर्बीण नव्याने जुळवावी लागते. आणि ऐन मोसमात गावच्या दुकानात ती मिळतीलच असं नाही. नेहमीची मात्र पेट्रोल पंपावरसुद्धा मिळतात. गोंधळात जुनी पेटी उघडली की मागचं दुखणं परत.

उसन्या रायफली

क्लबातल्या लोकांनी रायफली दिल्या, याबाबतीत ती मंडळी उदार आहेत. चाचणी बाकावर टेकून घ्यायची नाही असं ठरवलं. बाकावर माणूस पुढे वाकतो, धड मागे झुलू शकत नाही आणि सगळा दणका खांदा एकटा खातो. आजोबा मचाणात बसतात तसे खुर्चीत बसले, पुढे दोन काठ्यांचा टेकू. प्रत्येक रायफलीचे मोजकेच बार, मध्ये नकली काडतूस, आणि दुसऱ्या दिवशी खांद्यावर काळं-निळं किती उमटलं ते पाहायचं. रक्त पातळ असलेल्या माणसाचं कातडं खोटं बोलत नाही.

सगळ्यात शिकवणारी निघाली .३०-३०ची लिव्हर रायफल. अनेकांच्या मते म्हाताऱ्यांची आणि पोरांची पहिली बंदूक. १७० ग्रेनची गोळी, पावणेसात पौंडांची रायफल, हिशेबाने साडेअकराच्या किंचित वर. साडेआठ पौंडांच्या ६.५ क्रीडमोरचा आकडा अकरा, म्हणजे फरक नगण्य. पण क्रीडमोरच्या दस्त्याला जाड पॅड, गालाची कड उंच आणि रेषेत. लिव्हरवालीचा दस्ता अरुंद, कडक आणि खाली झुकलेला. क्रीडमोरनंतर खांद्यावर काही नव्हतं, .३०-३०नंतर दुसऱ्या दिवशी बांगडीएवढा डाग. आकडा एकच, अंगावर उमटलेलं वेगळं. तक्ते पाहून बंदूक घेऊ नये असं मी म्हणतो ते यामुळे.

क्रीडमोर मग का नाही घेतली? बोल्टमुळे. सर्वसाधारण बोल्ट उघडायला तो ९० अंश वर फिरवावा लागतो, काहींचा ६० किंवा ७० अंशांत उघडतो. खुर्चीत बसून, रायफल खांद्यालाच ठेवून, उजवं कोपर बाहेर काढून तो फिरवणं हीच नेमकी आजोबांना न जमणारी हालचाल होती. ६० अंशांच्या बोल्टलाही चेहरा आक्रसत होता. रायफल खाली घेऊन मांडीवर बोल्ट चालवता येतो, पण जखमी हरणाला दुसरा बार द्यायची वेळ आली तर त्यात जाणारे क्षण त्यांना परवडणार नव्हते. त्या पळालेल्या नराची आठवण इथेही होती.

पंपात मात्र उजव्या हाताला चाप ओढण्यापलीकडे कामच नाही. मूठ मागे-पुढे करतो तो डावा हात, धडधाकट.

डाव्या खांद्यावरून चालवायचाही विचार केला. पण त्यांचा प्रबळ डोळा उजवा. डाव्या बाजूने दुर्बिणीत पाहताना ते सारखे चाचपडत होते. या वयात मेंदूची बाजू बदलायला सांगणं माझ्या जिवावर आलं. उजव्या छातीत पेसमेकर असता तर मात्र दुसरा मार्गच नसता. दस्ता पेसमेकरवर किंवा त्याच्या तारेवर आदळू द्यायचा नसतो, म्हणून बंदूक चालवणाऱ्याने ते यंत्र बसवण्याआधीच डॉक्टरला आपला खांदा सांगावा.

काय घेतलं

जुनी, वापरलेली रेमिंग्टन ७६००, .२४३मध्ये. ७६००ही ७६०चीच पुढची आवृत्ती, १९८१पासूनची. यंत्रणा तीच, मुठीची जागा तीच, खटका तिथेच. आजोबांच्या हातांना नवं काही शिकायचं नव्हतं. साडेआठ पौंडांत .२४३चा धक्का आठ फूट-पौंड, त्याच वजनातल्या .३०-०६च्या निम्म्याहूनही कमी. या दस्त्याला भावनेचं वजन नव्हतं, म्हणून तो सरळ कापला, मऊ पॅड बसवलं, आणि लांबी मोजली ती कोट आणि केशरी जाकीट घालून. गालाखाली फोमची पट्टी लावून कड उंच केली. दुर्बीण दोन ते सात पट मोठं दाखवणारी, डोळ्यापासून चार इंच लांब ठेवता येणारी. जवळ बसवलेल्या दुर्बिणीने भुवईवर चंद्रकोर काढलेले शिकारी मी क्लबात पाहिले आहेत, आणि रक्त पातळ असलेल्याला ती जखम महागात पडते.

माझं मत वेगळं होतं, ते नोंदवतो. मी असतो तर ७ एमएम-०८चा आग्रह धरला असता. १४० ग्रेनची गोळी हाडातून जाते, तिरक्या उभ्या हरणातही खोल शिरते आणि धक्का तरीही .३०-०६च्या दोनतृतीयांश. पण त्या काडतुसात हा पंप क्वचितच सापडतो, आणि पंप सोडायचा नव्हता. .२४३ला टीकाकार भरपूर आहेत. हरणासाठी फार लहान, म्हणतात. माझ्या मते ती पुरते, पण चूक पोटात घेत नाही. मग अटी घातल्या. ९५ ते १०० ग्रेनची, हरणासाठीच बनवलेली घट्ट गोळी, कोल्ह्यासाठीची फुटणारी हलकी नव्हे. तांब्याची घेतली तर ८०-८५ ग्रेनचीही चालते, आणि मांसात शिशाचे कण राहत नाहीत. हरीण आडवं उभं असेल तरच, नेम पुढच्या पायामागे फुप्फुसांवर, अंतर दीडशे यार्डांच्या आत. त्यांच्या मचाणातून तसंही शंभराच्या पलीकडे दिसत नाही. आजोबा म्हणाले, "तिरकं उभं हरीण मी तसंही सोडतो, घाई तरुणांना असते." त्यावर माझा युक्तिवाद संपला.

सरावाचा प्रश्न राहिला होता. रेमिंग्टनने १९५५पासून ५७२ नावाची .२२ पंप रायफल काढली होती, ७६०ची जणू धाकटी बहीण. तसली एक आजोबांच्या कपाटात धूळ खात पडली होती. उन्हाळाभर त्यांनी तीच चालवली. धक्का नाही, आवाज नाही, काडतूस स्वस्त. स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं ते .२२नेच. आमच्या कोल्हापूरकडच्या पोरांना प्रशिक्षक जिवंत गोळीपेक्षा रिकाम्या बंदुकीवर जास्त घासतात, हे मी आजोबांना अभिमानाने सांगितलं. त्यांनी ते मनावर घेतलं आणि रोज संध्याकाळी नकली काडतूस घालून भिंतीवरच्या ठिपक्यावर चाप ओढू लागले. आजी वैतागल्या. .२४३चे बार त्यांनी मोजकेच काढले, थकवा जाणवला की तिथेच थांबायचं या बोलीवर. थकलेल्या खांद्याने काढलेला जादा बार सराव नसतो, तो चमक परत शिकवतो.

ऑक्टोबरमध्ये तीच परीक्षा पुन्हा घेतली. नातीने भरलं, मी नळीकडे पाहिलं. नकली काडतुसावर चाप पडला आणि दुर्बिणीची फुली जागची हलली नाही. आजोबांनी न विचारता दुसरा बार काढला, तोही नकलीच निघाला, तीही स्थिर.

२०१९पासून तिथला रायफलीचा मोसम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी सुरू होतो. जुन्यांचा जीव अजून पूर्वीच्या सोमवारातच अडकलेला, कारण कित्येक शाळा त्या सोमवारी बंदच असतात. आजोबा दोन्ही दिवस बसले आणि सोमवारी सकाळी सत्तर-एक यार्डांवर आडवी उभी असलेली हरणी घेतली. ती जेमतेम तिथल्या ओढ्यापर्यंत गेली. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार होती. दुसऱ्या दिवशी खांद्यावर डाग नव्हता. सर्जनला फोटो पाठवला तो हरणीचा नव्हे, खांद्याचा.

७६० आता नातीकडे आहे. तिला .३०-०६चा दणका मजेचा वाटतो. तिच्या दस्त्यावर बूटासारखं चढवायचं पॅड मी दिलंय, ती लावत नाही. कॅम्पवर एक नियम मात्र तिघांनी मिळून केला. .२४३ आणि .३०-०६च्या बुडख्यांचं माप एकच आहे, आणि दोन पेट्या एका कोटाच्या खिशात असल्या की पहाटेच्या अंधारात चुकीचं काडतूस चुकीच्या रायफलीत जाऊ शकतं. म्हणून आजोबांची काडतुसं लाल झाकणाच्या डब्यात त्यांच्या खोलीत, नातीची स्वयंपाकघरातल्या कपाटात, आणि उरलेली हलक्या भाराची .३०-०६ काडतुसं घरी, मोसम संपेपर्यंत कुलपात.